पंधरा दिवसांची नोटीस आणि महिनेवारी किरायादार

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या आणि उन्हाचा चटका वाढू लागला की नागपुरात घरे बदलण्याचा हंगाम सुरू होतो. मनीषनगरापासून नंदनवनापर्यंत गल्लोगल्ली कपाटे, कूलर आणि गाद्यांच्या वळकट्या लादलेले टेम्पो दिसू लागतात आणि त्याच सुमारास माझ्या वकिलीच्या कार्यालयात घरमालकांची ये-जा वाढते. प्रश्न बहुधा एकाच धाटणीचा असतो. वरच्या मजल्यावर किंवा मागच्या दोन खोल्यांत महिनेवारी किरायाने ठेवलेले कुटुंब आहे, लेखी काहीही नाही, किराया कधी वेळेवर येतो तर कधी रखडतो, आणि आता घर रिकामे करून हवे आहे. समोरची व्यक्ती खुर्चीवर टेकते न टेकते तोच म्हणते, "पंधरा दिवसांची नोटीस देऊन टाका ना मॅडम." त्यानंतरचा अर्धा तास ही नोटीस पुरेशी का नाही हे समजावण्यात जातो.

पंधरा दिवसांची मुदत कोणाच्या मनातून आलेली नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ या कायद्याच्या कलम १०६ मध्ये ती आहे. शेती किंवा कारखान्यासाठी नसलेला आणि वेगळा करार न झालेला भाडेपट्टा महिन्यागणिक चालणारा मानावा आणि तो दोहोंपैकी कोणालाही पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता यावा, असे हे कलम सांगते. त्या नोटिशीची मुदत भाड्याच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच संपली पाहिजे, हा जुना काटेकोरपणा २००२ च्या दुरुस्तीने बराच सैल केला. परंतु करार संपला म्हणून राहण्याचा हक्क संपतोच असे नाही. जेथे भाडे नियंत्रणाचा कायदा लागू आहे तेथे करार संपल्यानंतरही भाडेकरूला कायद्याचे संरक्षण राहते आणि त्या कायद्याने सांगितलेल्या कारणावाचून त्याला बाहेर काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७९ मध्ये तर असे ठरवून दिले की, भाडे नियंत्रण कायद्याखाली घर रिकामे करून मागताना कलम १०६ ची नोटीस मुळात आवश्यकच नाही. म्हणजे ज्या नोटिशीवर लोकांचा सारा भरवसा असतो, ती बहुतेक प्रकरणांत दिली काय आणि न दिली काय, निकाल तिच्यावर ठरत नाही.

विदर्भातल्या जुन्या पिढीला या गोष्टीची जाण आजच्या पिढीपेक्षा अधिक होती, असे माझे मत आहे. माझे लहानपण नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यात गेले आणि त्या वाड्यात आमच्याखेरीज किरायादारांची बिऱ्हाडे होती. आजोबांच्या तोंडी 'कंट्रोलर' हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला होता की हा कोणी आमच्याच नात्यातला खडूस गृहस्थ असावा, असे मला वाटत असे. पुढे वकिली शिकताना उलगडा झाला. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी असताना १९४९ मध्ये घरे भाड्याने देण्यासंबंधी आणि भाडे नियंत्रणासंबंधी एक आदेश निघाला होता. त्या आदेशाप्रमाणे घरमालकाला आधी रेंट कंट्रोलरपुढे कारण सिद्ध करून परवानगी घ्यावी लागे, परवानगी मिळाल्यावर नोटीस द्यावी लागे आणि नोटिशीनंतर दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे. एकाच घरासाठी दोन दारे ठोठवायची आणि प्रत्येक दारावर पुन्हा अपील. नागपूर १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी ही व्यवस्था आपल्याकडे तशीच चालू राहिली. मुंबई-पुण्याकडे १९४७ चा कायदा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा आणि विदर्भात हा आदेश, असे तीन तऱ्हेचे भाडेकरू एकाच राज्यात नांदत होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला तेव्हा ही तिन्ही प्रकरणे मिटली आणि कंट्रोलरची पायरी गेली. आता नागपुरात घर रिकामे करून घेण्याचा दावा सरळ लघुवाद न्यायालयात, म्हणजे स्मॉल कॉज कोर्टात, दाखल होतो.

घर रिकामे करायचे म्हणून कोणी आले की मी आधी कारण विचारत नाही. राहणारा माणूस कायद्याच्या नजरेत कोण आहे, हे विचारते. कारण वाट तिथेच फुटते. १९९९ चा कायदा त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे, म्हणून शहराच्या कडेला नव्याने वाढलेल्या वस्तीत घर असेल तर ती जागा त्या क्षेत्रात येते का, हे आधी तपासावे लागते. त्याचप्रमाणे बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील तर त्यांना या कायद्याचे संरक्षण नाही. अशा ठिकाणी कलम १०६ ची पंधरा दिवसांची नोटीस खऱ्या अर्थाने कामाला येते. नोटीस दिली, मुदत संपली, आणि मग दावा. पण खालच्या मजल्यावर बँकेची शाखा असलेला घरमालक माझ्याकडे क्वचितच येतो. येतात ते मागच्या दोन खोल्यांवाले.

दुसरा प्रकार लिव्ह अँड लायसन्स कराराने राहणाऱ्यांचा. यात घर वापरण्याची केवळ परवानगी असते, भाडेकरूचे हक्क निर्माण होत नाहीत. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा असा लेखी करार संपला आणि राहणारा उठला नाही तर घरमालकाला १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तेथे करारात जे लिहिले आहे तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानला जातो, समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बचाव करण्याची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांची नुकसानभरपाई ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने द्यावी लागते. दुप्पट म्हटल्यावर पुष्कळ लोक आपणहून सामान बांधतात. मात्र ही सोय राहण्याच्या जागेपुरतीच आहे. तळमजल्यावरचा गाळा दुकानासाठी लायसन्सवर दिला असेल तर हा जलद रस्ता उपलब्ध नाही आणि न्यायालयातच जावे लागते. सीताबर्डी आणि इतवारीतल्या गाळेवाल्यांना ही गोष्ट सांगितली की त्यांचा चेहरा उतरतो.

याच ठिकाणी अकरा महिन्यांचा विषय निघतो. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिन्यांचा करार करावा म्हणजे नोंदणी टळते, अशी समजूत देशभर आहे आणि इतर अनेक राज्यांत तिला आधारही आहे. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने ती पळवाट बंद केली आहे. करार भाड्याचा असो की लायसन्सचा, अकरा महिन्यांचा असो की तीन, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते; शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का मारून आणलेला करार लोक माझ्यासमोर मोठ्या विश्वासाने उलगडतात. तो पाहून पुढे काय सांगायचे हे मला ठाऊक असते, पण सांगण्याआधी मी त्यांच्यासाठी पाणी मागवते. आता तर ही नोंदणी घरबसल्या, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते, आणि महापालिका क्षेत्रात नोंदणीचे शुल्क हजार रुपये आहे. अनामत म्हणून पन्नास हजार घेणारा माणूस हे हजार रुपये वाचवतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

उरतो तो तिसरा प्रकार, आणि खरा प्रश्न त्याचाच आहे: तोंडी बोलीवर राहिलेला, महिन्याचा किराया महिन्याला देणारा भाडेकरू. त्याला १९९९ च्या कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. ठरलेले भाडे आणि कायद्याने दिलेली वाढ तो देत आहे, किंवा द्यायला तयार आहे, आणि घर नीट वापरतो आहे, तोपर्यंत घरमालकाला केवळ "आता मला नको" म्हणून ताबा मिळत नाही. त्याचे निधन झाले तर त्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयालाही हा हक्क मिळू शकतो. ताबा हवा असेल तर कलम १५ किंवा कलम १६ मधले एखादे कारण दाखवावे लागते.

थकबाकीचे कारण लोकांना सर्वांत सोपे वाटते, आणि तेच सर्वांत फसवे आहे. कलम १५ प्रमाणे आधी थकीत भाड्याची लेखी मागणी करावी लागते आणि ती नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय दावाच लावता येत नाही. त्या ९० दिवसांत भाडेकरूने पैसे भरले तर विषय संपला. नाही भरले, दावा दाखल झाला, तरी समन्स मिळाल्यापासून पुन्हा ९० दिवसांत त्याने थकबाकी, तिच्यावर दरसाल १५ टक्क्यांचे सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला आणि पुढचे भाडे नियमित भरत राहिला, तर न्यायालय घर रिकामे करण्याचा हुकूमनामा देत नाही. म्हणून मी अशिलाला स्पष्ट विचारते, तुम्हाला पैसे हवेत की घर? पैसे हवे असतील तर ही नोटीस उत्तम आहे, कारण तिच्याने पैसे बहुधा वसूल होतात. घर हवे असेल आणि भाडेकरूकडे पैसे उभे करण्याची ऐपत असेल, तर केवळ थकबाकीवर विसंबणे म्हणजे सहा महिने घालवून त्याला जागेवर पक्का करण्यासारखे आहे.

कलम १६ मधली कारणे वेगळी आहेत. घराची नासधूस, लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, पोटभाडेकरू ठेवणे, दाव्याच्या आधीचे सलग सहा महिने सबळ कारणावाचून जागेचा ठरल्या कामासाठी वापर न करणे, दुरुस्ती किंवा नव्या बांधकामासाठी पाडापाडी, अशी ती यादी आहे. पोटभाडेकरूचे कारण नागपुरात हल्ली अधिक दिसते, कारण हिंगण्याकडे किंवा मिहानमध्ये नोकरी लागलेल्या एखाद्या मुलाच्या नावाने घर घेतले जाते आणि दोन वर्षांनी त्यात राहणारी मुले पूर्णपणे वेगळीच असतात. पण या साऱ्यांत वारंवार पुढे येणारे आणि न्यायालयात खऱ्या अर्थाने लढले जाणारे कारण म्हणजे घरमालकाची स्वतःची वास्तविक आणि प्रामाणिक गरज.

ही गरज कशी मांडावी, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. आपल्या गरजेचा निवाडा घरमालकानेच करावा, भाडेकरूने त्याला कसे राहावे हे शिकवू नये, हे तत्त्व न्यायालयांनी मान्य केलेले आहे. तरीही गरज खरी आहे हे पुराव्याने दिसले पाहिजे आणि दुसरी बाजूही तोलली जाते. हुकूमनामा दिल्याने भाडेकरूची होणारी अडचण न दिल्याने घरमालकाच्या होणाऱ्या अडचणीपेक्षा मोठी असेल तर न्यायालय ताबा नाकारू शकते, किंवा जागेच्या काही भागापुरताच देऊ शकते. मुलाचे लग्न ठरले आहे असे वादपत्रात लिहायचे आणि उलटतपासणीत मुलीचे गाव विचारल्यावर गडबडायचे, असे एक प्रकरण मी समोरच्या बाजूने लढले आहे. तेव्हा मुलगा एकवीस वर्षांचा होता आणि बंगळूरला शिकत होता. घरमालकाची खरी अडचण वेगळीच होती. गुडघ्यांमुळे त्यांना वरच्या मजल्यावर चढता येत नव्हते आणि भाडेकरू तळमजल्यावर राहत होता. तेवढे जरी त्यांनी लिहिले असते तरी मला उत्तर देणे जड गेले असते. उलट भाडेकरूच्या बाजूनेही मी हे पाहिले आहे की, "आम्ही जायचे कुठे?" एवढेच म्हणून भागत नाही. दावा लागल्यानंतरच्या काळात दुसरे घर शोधण्याचा काय प्रयत्न केला, कोणत्या भागात चौकशी केली, किती किराया सांगितला गेला, हे न्यायालय विचारते आणि उत्तर नसेल तर अडचणीचे पारडे हलके होते.

आता न करण्याच्या गोष्टींबद्दल. गेल्या काही वर्षांत मला सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न मीटरचा आहे. मे महिन्याच्या एका दुपारी अयोध्यानगरकडच्या एक काकू आल्या. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात वीजबिलांची पिशवी. "मीटर माह्याच नावाचं हाय जी," त्या म्हणाल्या, "मग मी कनेक्शन कापून टाकलं तं कोन काय करते?" मी विचारले, वर कोण राहते? नवरा-बायको, एक सासूबाई, आणि सहा महिन्यांचे बाळ. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन होते आणि माझ्या खोलीतला कूलरही गरम हवा फेकत होता. काकू काही दुष्ट नव्हत्या. चार महिन्यांचा किराया अडकला होता, जावयाची बदली नागपूरला झाली होती, आणि शेजारच्या कोणीतरी हा उपाय त्यांच्या कानात भरला होता. त्यांना मी १९९९ च्या कायद्याचे कलम २९ वाचून दाखवले. मीटर कोणाच्याही नावावर असो, पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय यांसारख्या आवश्यक सेवा घरमालकाला कारणावाचून बंद करता येत नाहीत, केल्यास भाडेकरू न्यायालयातून त्या लगेच पूर्ववत करून घेऊ शकतो आणि घरमालकावर शिक्षेची पाळी येऊ शकते. काकूंनी बिलांची पिशवी गुंडाळली आणि म्हणाल्या, "मंग तं बिलही मीच भरू म्हना." थकलेल्या भाड्याबरोबर विजेचे पैसेही लेखी मागता येतात, हे सांगितल्यावर त्या जरा सावरल्या.

भाडेकरू गावी गेलेला असताना कुलूप बदलणे, सामान अंगणात काढून ठेवणे, ओळखीच्या चार मुलांना घेऊन दारात उभे राहणे, हे सारे याच जातीचे उपाय आहेत. कायद्याची वाट सोडून ज्याला असे बाहेर काढले तो विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे आहे हा प्रश्नच विचारला जात नाही. पोलीस ठाण्यात गेल्यास ही दिवाणी बाब आहे असे उत्तर मिळते, आणि ते उत्तर घरमालकालाही मिळते व भाडेकरूलाही. मला स्वतःला यात आणखी एक गोष्ट खटकते. एकदा नळ तोडला की ज्या माणसाशी उद्या बसून बोलायचे आहे त्याच्याशी बोलण्याचा मार्गच राहत नाही, आणि महिनेवारी भाडेकरूंची बहुतेक घरे शेवटी बोलण्यानेच रिकामी होतात.

बोलण्याआधी मात्र कागद जुळवावेत. आमच्या वाड्यात वडिलांकडे कार्बन घालून लिहायचे पावतीपुस्तक असे. निळसर, जरा तेलकट हात लागलेले, वरची प्रत किरायादाराला आणि खालची आमच्याकडे. पाच हजारांवरच्या पावतीला आता रुपयाचे महसूल तिकीट लागते. भाड्याची पावती देणे हे घरमालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. पावती दिली की भाडेकरू म्हणून त्याचा हक्क सिद्ध होतो या भीतीने लोक ती देत नाहीत, आणि मग तीन वर्षांनी किती महिन्यांचा किराया थकला हे घरमालकालाच सिद्ध करता येत नाही. आज किराया फोनवरून येतो, ही एका अर्थाने सोयच झाली आहे, कारण बँकेच्या उताऱ्यात तारीख आणि रक्कम आपोआप नोंदली जाते. किराया रोखीने घेतलाच तर पावती द्यावी. कायद्याने दरसाल चार टक्के भाडेवाढ घेता येते; ती घेतली असेल तर लेखी कळवलेली असावी, नाहीतर थकबाकीचा हिशेब मांडताना दोन्ही पक्षांचे आकडे वेगळे निघतात. लायसन्सची मुदत संपल्यावरही पैसे येत राहिले तर ते नुकसानभरपाई म्हणून घेत आहोत, नवा करार झालेला नाही, असे लगेच लेखी कळवावे.

नोटीस पाठवायची तर साध्या भाषेत पाठवावी. घराचे वर्णन, भाड्याचा दर, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत किती थकले, किंवा घर कशासाठी हवे आहे, आणि अपेक्षा काय. टपालाने पोचपावतीसह पाठवावी; भाडेकरूला किंवा घरातल्या माणसाला हातोहात दिली तर प्रतीवर सही घ्यावी; तेही शक्य नसेल तर जागेवर ठळक दिसेल अशी चिकटवण्याची तरतूद आहे. "तुम्ही अनधिकृतपणे घुसखोरी केली आहे" यासारखी वाक्ये वकिलांनी लिहायचे सोडावे, असे मला वाटते. ज्याच्याकडून दहा वर्षे किराया घेतला तो घुसखोर कसा, हा प्रश्न न्यायाधीश विचारतातच, आणि भाडेकरूही ती नोटीस आयुष्यभर विसरत नाही.

मग बोलणे. माझा आग्रह असा असतो की पहिली बैठक वकिलाच्या कार्यालयात घेऊ नये. घरमालकाने स्वतः सवडीच्या वेळी जावे, घर का हवे आहे ते खरे सांगावे, आणि कधीपर्यंत जमेल हे समोरच्याकडूनच येऊ द्यावे. मुलीची दहावी असेल तर परीक्षेनंतरची तारीख ठरते, नव्या घराची अनामत भरायला पैसे नसतील तर आपल्याकडची अनामत आधी परत देण्याचा मार्ग निघतो. शेवटच्या दोन महिन्यांचा किराया सोडणे आणि टेम्पोचे भाडे देणे या गोष्टी घरमालकांना अपमानाच्या वाटतात. "पैसे त्यानेच द्यायचे आणि वर मीच भाडे भरू?" असे मला एका निवृत्त शिक्षकांनी विचारले होते. त्यांना मी माझी फी सांगितली आणि तारखांचा अंदाजही दिला. ते बराच वेळ हिशेब करत बसले आणि उठताना म्हणाले की तुम्ही स्वतःचेच गिऱ्हाईक घालवता आहात.

तोंडी ठरलेले मात्र तोंडी ठेवू नये. भाडेकरूने स्वतःहून, अमुक तारखेला जागा सोडत आहे असे लिहून द्यावे आणि घरमालकानेही ते मान्य असल्याचे लिहावे. अशा पत्राला एक विशेष महत्त्व आहे: भाडेकरूने जागा सोडण्याची नोटीस दिली आणि तिच्यावर विसंबून घरमालकाने घर विकण्याचा किंवा दुसऱ्याला देण्याचा करार केला, किंवा असे एखादे पाऊल उचलले की ताबा न मिळाल्यास त्याचे मोठे नुकसान होईल, तर ते कलम १६ खालचे स्वतंत्र कारण ठरते. आधीच दावा चालू असेल आणि समझोता न्यायालयासमोर किंवा लोकअदालतीत होत असेल, तर त्यात ताब्याचे कारण भाडेकरूने मान्य केल्याचे आले पाहिजे, कारण या कायद्याखाली केवळ दोघांच्या राजीखुशीने हुकूमनामा टिकत नाही. ही एक ओळ विसरल्याने पुढे अंमलबजावणीच्या वेळी भांडण उभे राहिल्याचे मी पाहिले आहे. जागा सोडण्याच्या दिवशी मीटरचे आकडे दोघांनी मिळून पाहावेत, किल्ल्या मोजून घ्याव्यात, ताबा पावतीवर नवरा-बायको दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि अनामतीचा हिशेब तिथल्या तिथे मिटवावा. रंग खराब झाला म्हणून अनामतीतून भलतीच रक्कम कापणारे घरमालक मला आवडत नाहीत. दहा वर्षांनी भिंतीचा रंग जाणारच.

बोलणे निष्फळ ठरले तर सिव्हिल लाइन्समधल्या न्यायालयाची वाट आहेच, आणि तिच्याबद्दल मी कोणाला गोड स्वप्ने दाखवत नाही. वादपत्र, समन्स, लेखी जबाब, साक्षी, उलटतपासणी, निकाल, ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील, तिथून पुढे उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. निकाल बाजूने लागला तरी भाडेकरू मुदत मागतो, आणि ठरावीक तारखेला शांतपणे ताबा देऊ, तिसऱ्या कोणाला जागेत घुसवणार नाही, असे हमीपत्र न्यायालयात देत असेल तर ती मुदत द्यावी, असे मी अशिलाला सुचवते. हमीपत्र मोडले तर न्यायालयाचा अवमान होतो, हे भाडेकरूच्या वकिलालाही ठाऊक असते. एरवी दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायची, ताब्याचे वॉरंट काढायचे आणि न्यायालयाच्या बेलिफाबरोबर जाऊन सामानाची यादी करत ताबा घ्यायचा. त्या दिवशी घरमालकाने सगळे नातेवाईक जमवू नयेत एवढीच माझी विनंती असते, आणि ती बहुतेक वेळा मानली जात नाही.

ताबा मिळाल्यावर काम संपले असे समजून फाइल बांधून ठेवणाऱ्यांना एक गोष्ट सांगावी लागते. स्वतःच्या गरजेवर हुकूमनामा मिळाला असेल तर ताब्यापासून एक महिन्याच्या आत तिथे राहायला गेले पाहिजे, आणि एक वर्षाच्या आत ती जागा दुसऱ्या कोणाला भाड्याने दिली तर जुना भाडेकरू ताब्याच्या तारखेपासून तेरा महिन्यांच्या आत कलम १८ खाली अर्ज करून जागा परत मागू शकतो. मुलासाठी तळमजला हवा म्हणून सात वर्षे भांडलेले माझे एक अशील ताबा मिळाल्यावर तिसऱ्याच महिन्यात पेढे घेऊन आले आणि बोलता बोलता म्हणाले की मुलगा तर पुण्यातच रमला, तेव्हा एक बँकेतले साहेब चांगला किराया देत आहेत, करार तुम्हीच करून द्या. मी पेढा घेतला, कायद्याचे पुस्तक त्यांच्यापुढे उघडून ठेवले आणि साहेबांना पुढच्या वर्षी यायला सांगा म्हटले.